यंत्राचे झिजणारे भाग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरून कोणी विदुषी येतात, व्याख्यान देतात आणि आपण ते ऐकतो, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा कार्यकारी मंडळाने असे ठरवले की, सभासदांपैकीच एकीने आपल्या माहितीच्या विषयावर बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. साहित्यावर किंवा समाजकारणावर मी बोलू लागले तर आपण हसाल, आणि ते योग्यच होईल. परंतु गेली बावीस वर्षे मी शिवणयंत्रावर बसते आहे. यंत्राचा कोणता भाग झिजतो, तो झिजला हे कसे ओळखावे आणि तो कसा बदलावा, एवढे मला ठाऊक आहे. म्हणून मी हाच विषय घेतला.

विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. पण आपल्या शिवणवर्गात आठ यंत्रे आहेत आणि त्यांतली चालू फक्त तीन आहेत. उरलेली पाच भिंतीला लावून ठेवली आहेत आणि त्यांच्यावर आपण सतरंज्यांच्या घड्या रचतो. वर्गाला यायला एकवीस मुली तयार आहेत आणि सात-सात मुलींना एकेका यंत्राची वाट पाहावी लागते. गेल्या सभेत अशी सूचना आली की, ही पाच यंत्रे भंगारात द्यावीत आणि वर्गणी काढून दोन नवी घ्यावीत. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगलाच आहे. मात्र त्यावर हात वर करण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

कोणतेही यंत्र घ्या. त्यात काही भाग जन्मभर टिकावेत म्हणून केलेले असतात आणि काही भाग झिजावेत म्हणूनच केलेले असतात. आपल्या शिवणयंत्राचा सांगाडा बिडाचा असतो. तो सासूकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातीकडे जातो. पण सुई, पट्टा, रबराचे कडे, बॉबिनची डबी हे भाग झिजायचेच. ते झिजतात म्हणून सांगाडा वाचतो. चपलेचा तळवा झिजतो म्हणून पाय शाबूत राहतो, तसेच हे. तळवा झिजला म्हणून पायाला कोणी बोल लावत नाही. पण पट्टा सैल झाला की, ‘यंत्र जुने झाले’ असे आपण चटकन म्हणून टाकतो.

आपल्या आज्यांना ही गोष्ट चांगली कळत होती. जाते गुळगुळीत झाले, पीठ जाडे पडू लागले, की पाथरवटाला बोलावून जात्याला टाकी लावून घेत. पाटा-वरवंट्याचेही तसेच. पितळेची भांडी पांढुरकी व्हायची सोडून पिवळी दिसू लागली, ताक कळकू लागले, की कल्हईवाला दारात बसे. जाते बोथट झाले म्हणून कोणी ते उकिरड्यावर टाकले नाही. झिजणे हा वस्तूचा दोष आहे असे त्या मानत नसत. तो वापराचा भाग आहे असे मानून त्याची तजवीज करत.

शिवणयंत्राविषयी दोन शब्द सांगते. अमेरिकेतील इलायस होव याला १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. पुढे एकाच मापाचे भाग हजारोंनी काढण्याची पद्धत आली आणि तिच्यामुळेच या यंत्रांचा एक भाग मोडला तर तसाच दुसरा बाजारात मिळू लागला. यंत्रांच्या अतिरेकाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला त्यातून वगळले होते. हाताने टाके घालताना बायकोला होणारे कष्ट सिंगरने पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी यंत्र शोधले, अशा अर्थाचे ते बोलले होते. ज्या यंत्राला गांधीजींनी वगळले, ते आपण सतरंज्यांखाली दडपून ठेवावे हे बरे नव्हे.

आता ऑगस्ट २०१९ च्या महापुराविषयी. आपल्यापैकी कोणीच तो विसरलेली नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. गावभागातल्या आमच्या घरात खालचा मजला आठवडाभर पाण्यात होता. माणसे सुखरूप बाहेर निघाली, कागदपत्रे निघाली, धान्याचा एक डबा निघाला. सासूबाईंचे पायमशीन मात्र जागचे हलण्यासारखे नव्हते. पाणी ओसरल्यावर पाहिले तो चाकाच्या आरीआरीत चिखल भरलेला, फळी फुगून पापुद्रे सुटलेले आणि चाक हाताने फिरेना. भंगारवाल्याने वजनावर तीनशे रुपये सांगितले. घरात सर्वांचे मत ‘देऊन टाका’ असेच होते. आमचे यजमान हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, आणि बाजार बंद असल्यामुळे त्या महिन्यात घरात रोख पैसा नव्हता. तीनशे रुपयेही त्या वेळी मोठे वाटत होते.

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकाकांना घेऊन आले. त्यांनी यंत्राकडे पाहून मला एकच प्रश्न विचारला, “बीड तडकले आहे का?” बीड तडकलेले नव्हते. “मग यंत्र जिवंत आहे,” ते म्हणाले.

त्यांनी काय केले ते क्रमाने सांगते, कारण पुढे कोणावर तसा प्रसंग आलाच तर उपयोगी पडेल. प्रथम स्वच्छ पाण्याने सारा चिखल धुऊन काढला. चिखल असताना चाक मुळीच फिरवू दिले नाही, कारण त्यातली रेती कानशीसारखी लोखंड खाते. मग उन्हात कोरडे केले. तेल घालण्याच्या प्रत्येक छिद्रात रॉकेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी चाक जोर न लावता थोडे पुढे, थोडे मागे असे हलवत राहिले. पुन्हा रॉकेल, पुन्हा पुसणे. चौथ्या दिवशी चाक पूर्ण फिरले. मग मशीनचे तेल घातले. पट्टा, शटल, बॉबिनची डबी, रबराचे कडे आणि सुई हे पाच भाग नवे आणले आणि सुताराकडून फळी करून घेतली. सारे मिळून सतराशे रुपये लागले. त्या वेळी नवे यंत्र साडेसहा-सात हजारांच्या खाली नव्हते. दिवाळीच्या शिवणकामात माझा तो खर्च निघाला. त्याच यंत्रावर पुढे मुलाच्या आयटीआयची फी भरली गेली. ते मी आजही चालवते.

मिस्त्रीकाकांजवळ बसून चार दिवसांत जे शिकले आणि पुढे हाताने करून पाहिले, ते आता भागाभागाने सांगते.

सर्वांत आधी सुई. यंत्र बिघडले असे वाटले की पहिला संशय सुईवर घ्यावा. टाके सुटणे, दोरा तुटणे, कापड ओढले जाणे, शिवताना टकटक आवाज येणे, ही बहुतेक वेळा बोथट किंवा वाकलेल्या सुईची लक्षणे असतात. सुई काचेवर आडवी ठेवून पाहावी. ती काचेला सर्वत्र सारखी टेकली नाही तर वाकलेली आहे असे समजावे. सात-आठ तास शिवण झाली की सुई बदलावी हे बरे. काही रुपयांच्या सुईसाठी आपण काटकसर करतो आणि वाकडी सुई शटलवर आपटून शंभर-दीडशे रुपयांचा भाग खराब करते. सुई कापडाप्रमाणे घ्यावी. तलमला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६ आणि जीनला १८. सुईची सपाट बाजू कोणत्या अंगाला हवी हे यंत्राच्या पुस्तकात दिलेले असते. ते पाहूनच बसवावी आणि पार वरपर्यंत सारावी.

दुसरी बॉबिनची डबी. हिच्यावर एक बारीक पोलादी पट्टी असते आणि तिच्या खालून दोरा सरकतो. वर्षानुवर्षे दोरा सरकून त्या पट्टीला चर पडतो. मग खालचा दोरा कधी सैल येतो, कधी घट्ट, आणि आपण वरचा ताण फिरवत बसतो. परीक्षा सोपी आहे. बॉबिन घातलेली डबी दोऱ्याने लोंबती धरावी आणि हाताला हलकासा झटका द्यावा. डबी थोडीशी खाली सरकून थांबली पाहिजे. झरझर खाली आली तर सैल, मुळीच हलली नाही तर घट्ट. पट्टीवरचा बारीक स्क्रू एका वेळी अगदी किंचित फिरवावा. तरीही ताण बसेना, आणि पट्टीला नखाला लागेल असा चर असेल, तर डबीच बदलावी.

तिसरे शटल. त्याला विंचवाच्या नांगीसारखे टोक असते. ते टोक सुईजवळचा दोऱ्याचा फास उचलते आणि टाका बनतो. टोक गंजले किंवा बोथट झाले की नवी सुई घालूनही टाके सुटतात. आपल्याकडच्या साध्या काळ्या यंत्रात दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सरकवल्या की शटल हातात येते. त्याच्या घरात दोऱ्याचे तुकडे आणि तेलकट गाळ साठलेला असतो. तो काढून, एक थेंब तेल देऊन पुन्हा बसवावे. टोकावरून नख फिरवून पाहावे. खरखरले तर नवे आणावे.

चौथे दाते. कापड पुढे सरकेना की दाते झिजले असे आपण म्हणतो. पण आधी सुईखालची पट्टी काढून पाहावी. दात्यांच्या मध्ये धाग्याचा भुसा इतका दाबून बसलेला असतो की दाते वर येऊच शकत नाहीत. जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने तो काढला की दहातली सहा यंत्रे तेवढ्यावर चालू लागतात, असा माझा अनुभव आहे. त्यानंतरही दाते गुळगुळीत लागले तरच ते बदलावेत.

पाचवा पायमशीनचा पट्टा. हा चामड्याचा गोल पट्टा असतो आणि वापराने लांबतो. पाय चालतो पण चाक घसरते. अशा वेळी लगेच नवा घेण्याचे कारण नाही. अर्धा इंच कापून, नवे भोक पाडून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडावा. दोन-तीनदा असे झाले आणि पट्टा चिरा पडून कडक झाला म्हणजे मग नवा घ्यावा. फार घट्टही करू नये. त्याने यंत्र जड चालते आणि गुडघे दुखतात. पट्ट्याला तेलाचा हात लावू नये, तो अधिकच घसरतो.

सहावे बॉबिन भरायच्या चाकीचे रबराचे कडे. कडे कडक झाले की चाकी घसरते आणि बॉबिन सैल भरते. सैल भरलेल्या बॉबिनने शिवण कधीच सारखी येत नाही. हे कडे फार स्वस्त मिळते आणि हाताने चढवता येते.

तेलाविषयी एक गोष्ट निक्षून सांगते. पुष्कळ घरांत यंत्राला खोबरेल किंवा गोडेतेल घालतात. ते काही दिवसांनी चिकट होते, गोठते आणि धूळ धरून ठेवते. मग यंत्र जाम झाले म्हणून ओरड होते. मशीनचे पातळ पांढरे तेलच घालावे. तेल घातल्यावर एका चिंधीवर चार ओळी शिवाव्यात, म्हणजे ब्लाऊजपिसावर डाग पडत नाहीत.

दुरुस्तीचा क्रमही सांगून ठेवते. आधी सुई, मग दोरा नीट ओवला आहे की नाही ते, मग सफाई, मग डबी, मग शटल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि शिवून पाहावे. चार स्क्रू एकदम फिरवले तर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि नवा भाग आणायला जाताना जुना भाग रुमालात बांधून बरोबर न्यावा. दुकानदाराला नाव सांगण्यापेक्षा वस्तू दाखवणे केव्हाही बरे.

आता स्वयंपाकघरात येऊ. शिवणयंत्राचा भाग झिजला तर कापड बिघडते, पण येथे झिजलेला भाग जिवावर बेततो.

कुकरची मूळ कल्पना फार जुनी आहे. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाफेच्या दाबावर शिजवण्याचे भांडे १६७९ साली केले, आणि दाब अती झाला तर वाफ निघून जावी म्हणून त्याला झडपही बसवली. आजचा कुकर त्याच तत्त्वावर चालतो. शिटीच्या वजनामुळे आत दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते. शिटीची वाट तुंबली किंवा आतले पाणी आटले, तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. त्यात लवकर वितळणारा धातू असतो. तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे तो भाग स्वतः मरून आपल्याला वाचवतो.

आमच्या शेजारच्या वाड्यात एका घरी व्हॉल्व्ह दोनदा उडाला. तिसऱ्यांदा पैसे नकोत म्हणून कोणा कारागिराकडून तेथे रिव्हेट ठोकून घेतले. महिन्याभरात शिटीत डाळीचे साल अडकले आणि झाकण छताला जाऊन लागले. ती सून त्या वेळी मागच्या दारी तुळशीला पाणी घालत होती, म्हणून आज ती आपल्यात बसली आहे. तिच्या परवानगीनेच मी हे सांगते. व्हॉल्व्ह वारंवार उडतो याचा अर्थ व्हॉल्व्ह वाईट आहे असा नाही. पाणी कमी पडते आहे किंवा शिटीची नळी तुंबते आहे, असे तो आपल्याला ओरडून सांगत असतो. सांगणाऱ्याचे तोंड बंद करू नये, सांगणे ऐकावे.

तेव्हा रोज झाकण लावण्यापूर्वी शिटीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते की नाही ते पाहावे. रबराची रिंग कडक झाली, सैल पडली, बाजूने वाफ जाऊ लागली की बदलावी. पीठ लावून किंवा दोरा गुंडाळून चालवू नये. रिंग आणि व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे आणि त्याच मापाचे घ्यावेत. दांड्यांचे स्क्रू महिन्याकाठी आवळावेत.

गॅसच्या नळीचेही तसेच. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या नळीवरची तारीख वाचावी. नळीवर कापडी खोळ घालू नये. खोळीआड चीर दिसत नाही, आणि उंदराने कुरतडलेलेही दिसत नाही. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

मिक्सरची गोष्ट तर आपल्या विषयाला अगदी धरून आहे. सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनियर मुंबईत होते. त्यांच्या पत्नीचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही. त्याची मोटर जळाली आणि तो येथे दुरुस्त करून मिळेना. तेव्हा आपल्या स्वयंपाकाला पुरून उरेल असा मिक्सर माथुरांनी स्वतःच तयार केला आणि १९६३ साली त्याची कंपनी काढली. तोच ‘सुमीत’ मिक्सर. सुटा भाग मिळत नाही तेव्हा बाईचे काम कसे अडते, हे त्यांनी घरातच पाहिले होते. मिक्सरच्या भांड्याखालचा रबराचा कपलर हाही झिजण्यासाठीच केलेला असतो. भांड्यात काही अडकले तर त्याचे दाते जातात आणि मोटर वाचते. भांड्याच्या बुडातून पाणी झिरपू लागले तर थांबू नये. ते पाणी थेट मोटरीत जाते. भाग बदलताना आधी प्लग काढून ठेवावा. पुष्कळ मिक्सरांत कपलरचे आटे उलटे असतात, तेव्हा निघत नाही म्हणून जोर करू नये.

हे सारे आपल्याकडेच आहे असे नाही. माझ्या जावेचा मुलगा कॅनडात टोरांटोजवळ राहतो. तिकडे हिवाळ्यात दारासमोर गुडघाभर बर्फ साठतो आणि तो उडवून लावायला एक यंत्र असते. पुढे स्क्रूसारखी पिळदार पाती फिरतात, ती बर्फ ओढून घेतात, आणि वरच्या नळकांड्यातून तो लांब फेकला जातो. फोनवर त्याने मला ते उघडून दाखवले. पाती आणि दांडा यांना जोडणारी एक पिन मुद्दाम कमजोर केलेली असते. बर्फात दगड अडकला तर पिन तुटते, पण आतली दातेरी चाके वाचतात. त्याच्या शेजाऱ्याने सारखी पिन तुटते म्हणून तेथे जाड पोलादी बोल्ट घातला. पुढच्या दगडाला बोल्ट तुटला नाही, आतली सारी चाके तुटली. मला आमच्या वाड्यातले रिव्हेट आठवले. देश कोणताही असो, कमजोर भागाची जागा मजबूत भागाला दिली की संकट आत शिरते.

त्या यंत्राच्या दोन्ही अंगांना जमिनीवर घासत जाणारे लोखंडी बूट असतात आणि मागे एक खरवडपट्टी असते. तीही झिजतात. पट्टेही झिजतात. तेथील शहाणी माणसे बर्फ पडण्यापूर्वी, शरद ऋतूतच ते भाग बदलून ठेवतात. कारण पहिला मोठा बर्फ पडला की दुकानात भाग मिळत नाही आणि मिस्त्रीही मिळत नाही. आपल्याकडे जून महिन्यात शाळेच्या गणवेशांच्या वेळी आणि दिवाळीच्या तोंडावर नेमके असेच होते. म्हणून यंत्राची तपासणी एप्रिलमध्ये आणि नवरात्राच्या आधी करावी. त्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. नळकांडे तुंबले तर त्यात कधीही हात घालत नाहीत, यंत्र बंद करून काठीने मोकळे करतात. आपणही शिवणयंत्राच्या सुईखाली बोट घालताना पाय पायटीवरून खाली घ्यावा.

सर्वच दुरुस्त करावे असे माझे म्हणणे नाही. बिडाला तडा गेला असेल, मुख्य दांड्याची भोके मोठी होऊन चाक डगमगत असेल, तर भाग घालण्यात अर्थ नाही. सुट्या भागांची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्यावर जाऊ लागली तर थांबून विचार करावा. विजेच्या वस्तूची जळकी वायर घरी चिकटवत बसू नये, जाणत्याकडे न्यावी. कोणते ठेवावे आणि कोणते सोडावे हे ओळखणे, हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

चिटणीसबाईंच्या परवानगीने गेल्या पंधरवड्यात मी आपली पाचही बंद यंत्रे उघडून पाहिली. पहिल्याला फक्त पट्टा हवा आहे. दुसऱ्याच्या दात्यांत भुसा होता. तो काढला आणि ते यंत्र काल संध्याकाळी या दालनात चालले, हे काहींनी पाहिले आहे. तिसऱ्याला शटल आणि डबी हवी. चौथे गोड्या तेलाने जाम झाले आहे, त्याला रॉकेलची अंघोळ घालावी लागेल आणि रबराचे कडे आणावे लागेल. पाचव्याचे बीड तडकलेले आहे, ते मात्र गेले. पण त्याचे दाते आणि पायटी चांगली आहेत. ती काढून डब्यात ठेवावीत आणि सांगाडा खुशाल भंगारात द्यावा. माझ्या हिशेबाने सातशे-आठशे रुपयांत तीन यंत्रे सुरू होतील. म्हणजे तीनाची सात होतील आणि एकवीस मुलींना तिघींत एक यंत्र येईल. वर्गणी काढायचीच असेल तर ती मुलींच्या कापडासाठी काढू.

माझी आणखी एक सूचना आहे. शिवणवर्गातल्या मुलींना पहिल्या दिवशी झबले बेतायला शिकवण्याऐवजी सुई बदलायला आणि शटल काढायला शिकवावे. कालच दुसऱ्या यंत्राची पट्टी एका मुलीने स्वतः उघडली. ती मला म्हणाली, “काकू, आत एवढंच असतं होय?” आत एवढेच असते, हे तिला सतराव्या वर्षी कळले. उद्या सासरी तिचे यंत्र बंद पडले तर ती कोणाच्या तोंडाकडे पाहत बसणार नाही.

जाता जाता शेवटचे सांगते. पट्टा बदलता येतो, पण चालवणारीची पाठ आणि डोळे तसे बदलता येत नाहीत. चाळिशी आली की सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, म्हणून आपण सुनेला किंवा लेकीला हाक मारतो आणि चष्म्याची गोष्ट पुढे ढकलतो. गुडघा वाजू लागला तरी ‘हे एवढे झाल्यावर’ म्हणतो. शेगडीची नळी पाच वर्षांनी बदलायची हे ज्या घराला समजते, त्या घराने बाईचे डोळेही वर्षातून एकदा दाखवून आणावेत. घर ते आपणहून करील अशी वाट न पाहता, भगिनींनो, तारीख आपणच धरावी.

सोमवारी दुपारी तीन वाजता मी दालनात येणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी जुना ब्रश, एक स्क्रू पिळायचा पेचकस आणि चार चिंध्या घेऊन यावे. साडी जुनी नेसावी, तेलाचे डाग पडतील.